‘ट्रक बंद करा, बाकीच्यांना सोडा’ : पुलाबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

शहरातला पूल धोकादायक ठरवून बंद केला, की हा मेसेज फिरायला लागतो : “कालपर्यंत चालू होता, एका रात्रीत काय झालं? ट्रक बंद करा, दुचाक्या आणि माणसं सोडा. वरून डांबर टाका. नाहीतर चार ट्रक उभे करून बघा. सगळा कंत्राटाचा खेळ आहे.” आता तो घरच्या ग्रुपवरही आलाय, आणि तो वाचून लोक बॅरिकेडच्या फटीतून स्कूटर काढताहेत. म्हणून हे लिहावं लागतंय.

“एका रात्रीत काय झालं?” जर्मनीत ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तीनच्या सुमारास नदीत कोसळला. वर एकही गाडी नव्हती. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती. तपासात निघालं, की काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारा आतल्या आत तडकत गेल्या होत्या आणि त्याची सुरुवात बांधकामाच्या काळातच झाली होती. बाहेरून पाहून हे कळत नाही.

“चार ट्रक उभे करून बघा” याचंही उत्तर यातच आहे. तुटलेली तार थोड्या अंतरावर ग्राउटमध्ये (तारांभोवती भरलेल्या सिमेंटच्या मसाल्यात) पुन्हा पकड घेते, त्यामुळे वजन ठेवल्यावर गर्डर, म्हणजे पुलाची मुख्य तुळई, किती वाकते यात फारसा फरक पडत नाही. चाचणी पास, आणि केबल, म्हणजे त्या तारांचा जुडगा, अर्धी गेलेली.

“दुचाक्या आणि माणसं सोडा” यात थोडं तथ्य आहे, ते मान्य. स्वतःचं वजन पूल सुरक्षितपणे पेलतोय आणि फक्त जड वाहनांपुरती ताकद कमी पडतेय असं ऑडिट (पुलाची तांत्रिक तपासणी) सांगत असेल, तर तेवढीच बंदी पुरते. पण पुलावरचा मोठा भार त्याचा स्वतःचाच असतो : २५ सेंमी जाडीचा नुसता काँक्रीटचा स्लॅबच दर चौरस मीटरला ६२५ किलो भरतो. कोंडीतली १,२०० किलोची कार पुढच्या-मागच्या जागेसकट १८ चौरस मीटर अडवते, म्हणजे चौरस मीटरला ६७ किलो. दाटीवाटीने उभ्या माणसांचा भार डिझाइनमध्ये ४०० ते ५०० किलो धरतात! “माणसांनी काय होतंय” म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा.

सगळ्यात घातक सल्ला डांबराचा. ५ सेंमीचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११५ किलो. १०० मीटर लांब, १० मीटर रुंद पुलावर ११५ टन, तेही कायमचे. जुना थर न खरवडता नवा चढवला, की एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे पुलाला लांबायला-आखडायला ठेवलेली फट, बुजतो. पूल उन्हात लांबतो, थंडीत आखडतो. मग तिथेच डांबर फाटतं. पाणी निघून जायची तोंडंही थराखाली जातात. मग पावसाचं पाणी जॉइंटमधून गर्डरच्या टोकांवर, बेअरिंगवर (गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावर) आणि केबलच्या अँकरेजवर (केबलचं टोक जिथे घट्ट बांधलेलं असतं तिथे) झिरपतं. गर्डरच्या टोकाला गंजाचे तपकिरी ओघळ, पांढरे क्षार आणि बेअरिंगजवळून वर चढणारी तिरकी भेग दिसली, तर दुखणं रस्त्याच्या खड्ड्यात नाही. अशी तिरकी भेग बहुधा शिअरची, म्हणजे गर्डर आडवा कापू पाहणाऱ्या जोराची, असते आणि शिअरमध्ये गर्डर फारशी सूचना न देता जातो. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या भेगांना मात्र उगाच घाबरू नये.

कंत्राटाचा संशय? येतो, आणि तो अहवाल दडवून ठेवणाऱ्यांनीच ओढवून घेतलाय. तेव्हा ऑडिट अहवाल जरूर मागा. कोणत्या स्पॅनचे (दोन खांबांमधल्या भागाचे) किती गर्डर खराब आहेत, केबल उघडून तपासल्या का, बेअरिंग कधी बदलली, आणि आधीच्या तपासणीत हेच लिहिलं असेल तर काम का झालं नाही, ते विचारा.