असईला आपल्या तोफा कमी पडल्या नव्हत्या

"इंग्रजांकडे आधुनिक शस्त्रं, आपल्याकडे भाले-तलवारी, म्हणून राज्य गेलं." हे अजूनही सर्रास ऐकू येतं आणि दर वेळी वाईट वाटतं. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रजांच्या लढाईत काय झालं ते बघा.

महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, उभे केले, आग्र्याला तोफांची ओतशाळा चालवली. तिथली देखरेख सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाकडे होती. महादजींनंतर गादीवर आलेल्या दौलतरावांच्या या तोफांना नळी वर-खाली करायला मळसूत्र होतं. जुन्या पद्धतीत नळीखाली लाकडी पाचर असायची. बार उडाला की धक्क्याने ती सरकायची आणि नेम पुन्हा पहिल्यापासून धरावा लागायचा. मळसूत्राचे आटे फिरवले की हवा तेवढाच फरक करता येतो.

पण तोफ चालवणं म्हणजे हाताची सवय. बार झाला की ओला पोचारा आत फिरवायचा, कारण दारूच्या थैलीची जळती चिंधी राहिली तर पुढची दारू ठासतानाच पेटते आणि ठासणाऱ्याचे हात जातात. ठासताना दुसऱ्याने काना, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, अंगठ्याने घट्ट दाबून धरायचा, म्हणजे हवा आत शिरून ठिणगी फुलत नाही. मग थैली टोचायची, रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, घालायची, बत्ती द्यायची. हे सगळं समोरून गोळे येत असताना.

शिंद्यांच्या गोलंदाजांनी ते केलं. इंग्रज सेनापती वेलस्लीचे तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज त्यांच्या माऱ्यात पडले, तोफा पुढे येईनात. शेवटी त्या मागे ठेवून त्याने पायदळ संगिनींवर चालवलं. जवळ येताच छर्रे सुरू झाले. रांग ओलांडून इंग्रज पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर वळवल्या! वेलस्लीचे मेलेले-जखमी मिळून दीड हजारांवर गेले. हाती आलेल्या नव्वदहून जास्त तोफांपैकी पितळी तोफांची त्याने स्वतः मनापासून तारीफ केली. बंदुकाही दोन्हीकडे चकमकीच्याच, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, शंभर यार्डांपलीकडे नेम बेभरवशाचा.

मग कमी काय होतं? माझ्या मते अधिकारी. तोफ ओतायला आपण शिकलो, पलटणीला हुकूम देणारी माणसं मात्र भाड्याने आणली, आपली घडवली नाहीत. युद्ध पेटताच कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना पगाराची हमी दिली आणि बरेच जण निघून गेले. सप्टेंबरात शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँही इंग्रजांना शरण गेला.

१ नोव्हेंबरला राजस्थानातल्या लासवारीला उरलेल्या पलटणी लढल्या त्या जवळपास अशा अधिकाऱ्यांवाचूनच. गोलंदाज संगिनी छातीत शिरेपर्यंत तोफेजवळून हलले नाहीत. यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाचा काही भरवसा नव्हता, हे तिथे जिंकलेल्या इंग्रज जनरल लेकनेच लिहून ठेवलंय.