मरायची तक्रार नाही, पण मला कॅमेऱ्याने मारलं!

काल रात्री व्हिडिओ गेममधल्या त्या बॉससमोर, म्हणजे सगळ्यात तगड्या शत्रूसमोर, एकतिसाव्यांदा मेलो. त्याने मारलं असतं तर एक शब्द बोललो नसतो. उजवा खांदा किंचित मागे गेला की आडवा वार येतो, हे मला तोंडपाठ झालंय. खांदा मागे गेला, मी बरोब्बर वेळेवर डॉज मारला, म्हणजे अंग चुकवलं, आणि पाठ खांबाला टेकली. झालं! ज्यातून आपल्याला खेळ दिसतो तो गेमचा कॅमेरा खांबात घुसला. स्क्रीनभर नुसता दगड. त्यात नजर एकाच शत्रूवर खिळवून ठेवणारं लॉक-ऑन आपोआप सुटून मागच्या कुठल्यातरी फडतूस शिपायावर जाऊन बसलं. पुढचा वार दिसलाच नाही. बॉसच्या हेल्थची पट्टी बोटभर उरली होती हो, बोटभर!

तळपायाची आग मस्तकात गेली. कंट्रोलर आपटायचा तेवढा बाकी होता.

बरं, लगेच पुन्हा लढू द्या ना! नाही. मेल्यावर जिथे पुन्हा उठतो त्या चेकपॉइंटपासून आधी धावत या, लिफ्टची वाट बघा, त्याच चार शिपायांना चुकवा. दारात पोचलो की तोच कटसीन, म्हणजे मधला छोटा सिनेमा, स्किप न होणारा. एकतीस वेळा तेच भाषण ऐकलंय मी. लढाई दीड मिनिटाची आणि तिथवर पोचायला तीन मिनिटं. यात कसलं आलंय कौशल्य? २०२२ मध्ये एल्डन रिंगने बऱ्याच बॉसच्या दाराशीच पुन्हा उठायची सोय दिली. म्हणून तो गेम सोपा झाला का? अजिबात नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘आधी खेळायला शिक.’ अरे, शिकलोय म्हणूनच चिडलोय! स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम्स, सरकतात तेव्हा एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद. अशा मोजक्या फ्रेम्समध्ये बटण दाबायची सवय बोटांना लावायला रात्रीच्या रात्री गेल्यात. ती मेहनत माझ्या चुकीने वाया गेली तर माझं नशीब. पण जे दिसतच नाही ते चुकवायचं कसं?

आणि हे जमत नाही असंही नाही. २०१८ च्या गॉड ऑफ वॉरमध्ये कॅमेरा अगदी खांद्याला चिकटलेला, मागचं काही दिसत नाही. पण मागून कोण येतंय ते नायक क्रेटोसभोवतीचे बाण सांगतात, वार येताना बाण लाल होतो, वर त्याचा पोरगा ओरडून सावध करतो. बनवणाऱ्यांनी विचार केलाय! सेकिरो या गेममध्ये तलवारीला तलवार नेमक्या क्षणी भिडली की जो खणखणाट होतो, त्यासाठी मी शंभरदा मरेन. तिथे हेल्थ कमी करण्याइतकंच समोरच्याचा तोल मोडणं महत्त्वाचं, म्हणून मागे सरकणारा फसतो आणि छातीला छाती लावून लढणारा जिंकतो. २०१६ च्या डूममध्येही तेच. जीव जायला आला की लपायचं नाही, पुढे घुसून राक्षस फाडायचा, तिथूनच हेल्थ मिळते. असे गेम मला जीव की प्राण आहेत, म्हणून तर एवढा संताप होतो.

क्विक टाइम इव्हेंटबद्दल तर बोलायलाच नको. अर्धा तास घाम गाळून बॉस लोळवायचा आणि शेवटचा घाव मात्र स्क्रीनवर चमकलेलं बटण दाबून. चुकलं की मेलात. २००५ च्या सुमाराला याची लाट होती, तेव्हा खपून गेलं. आता बास!

आणि ‘हार्ड’ ही अवघड पातळी निवडली की शत्रूची हेल्थ नुसती तिप्पट करून ठेवणं, हा शुद्ध आळशीपणा आहे. शत्रू तोच, वार तेच, फक्त जास्त वेळ बदडत बसायचं. नवा डाव शिकवा ना त्याला!

आज रात्री पुन्हा बसणार आहे. त्याचे वार सगळे पाठ आहेत. आता खोलीतले खांब पाठ करतोय.