अँजिओग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून झटका खोटा ठरत नाही

सध्या फोनोफोनी फिरत असलेल्या एका मजकुरात चार विधाने आहेत. अँजिओग्राफीत ब्लॉकेज सापडले नाही, तर तो हार्ट अटॅक नव्हताच. तो गॅस किंवा टेन्शन; रक्तातले ट्रोपोनिन (झटक्याच्या निदानासाठी मोजले जाणारे प्रथिन) कशानेही वाढते. नळ्या स्वच्छ असलेल्याला पुढे धोका नसतो. म्हणून गोळ्या बंद केल्या तरी चालते. यांपैकी दुसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे, आणि त्याच्याच आधारावर उरलेली तीन विधाने खपून जातात.

पहिले विधान मुळातच चुकीच्या जागी पाहते. रक्तपुरवठा तुटल्यामुळे हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरणे म्हणजे हृदयविकाराचा झटका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ट्रोपोनिनची पातळी चढताना किंवा उतरताना दिसावी लागते आणि त्याच्या जोडीला लक्षणे, ईसीजीतील नवे बदल किंवा स्नायूला इजा झाल्याचा इमेजिंगमधील पुरावा यांपैकी काहीतरी असावे लागते. धमनीत ब्लॉकेज दिसलेच पाहिजे, अशी अट त्या व्याख्येत नाही. झटका आलेल्या दर शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांच्या मुख्य धमन्यांत ५० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंदपणा आढळत नाही. या अवस्थेला डॉक्टर ‘मिनोका’ म्हणतात. त्यात स्त्रियांचे आणि तुलनेने कमी वयाच्या रुग्णांचे प्रमाण अधिक असते.

मग स्नायूचे रक्त अडले कुठे? अँजिओग्राफीत धमनीची भिंत दिसत नाही. आत सोडलेल्या रंगद्रव्याची, म्हणजे पोकळीची, सावली तेवढी दिसते, आणि तीही त्या क्षणाची. भिंतीतला चरबीचा थर बाहेरच्या बाजूने वाढला असेल, तर पोकळी रुंदच राहते. तो थर फुटला किंवा त्याचे अस्तर झिजले की तिथे गुठळी धरते, काही काळ प्रवाह अडवते आणि आपोआप किंवा औषधांनी विरघळून जाते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मोठ्या झटक्यानंतर पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी केलेल्या ८७ टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद आढळली होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आले होते. ‘ब्लॉकेज म्हणजेच अटॅक’ हा समज ज्या अभ्यासावर पोसला गेला, त्यातच बंद धमनी पुन्हा उघडत असल्याची खूण होती. ती मात्र फारशी कोणी सांगत नाही.

गुठळीखेरीज इतरही कारणे आहेत. धमनी अचानक आवळली जाते आणि काही मिनिटांनी पूर्ववत होते. धमनीच्या भिंतीचे पदर सुटून आत रक्त साठते. हा प्रकार विशेषतः तरुण आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांत दिसतो आणि अँजिओग्राफीत सहज नजरेतून निसटतो. स्नायूच्या आतल्या अतिसूक्ष्म वाहिन्या तर या तपासणीत दिसतच नाहीत.

आता दुसरे विधान. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे. गॅसमुळे ते रक्तात उतरत नाही. मात्र मूत्रपिंडाचा आजार, गंभीर जंतुसंसर्ग, फुप्फुसातली गुठळी किंवा हृदयस्नायूचा दाह यांतही ते वाढते, हे खरे आहे. म्हणूनच ते काही तासांच्या अंतराने पुन्हा मोजतात आणि हृदयाचा एमआरआय करतात. रक्तपुरवठा तुटल्याचा व्रण स्नायूच्या सर्वांत आतल्या थरापासून सुरू होतो; दाहाचा व्रण बहुधा मधल्या किंवा बाहेरच्या थरात असतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिनोका झालेल्या ११६ स्त्रियांची धमनीच्या आतून भिंतीचे चित्र घेणारी ओसीटी आणि एमआरआय या दोन्ही तपासण्या केल्यावर सुमारे ८५ टक्के जणींत कारण सापडले. सुमारे ६४ टक्के जणींत ते रक्तपुरवठ्याशी निगडित होते, तर सुमारे २१ टक्के जणींत वेगळे. आणि ‘टेन्शन’ म्हणून जे हसण्यावारी नेले जाते, त्या तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगून दुबळा पडू शकतो. ताकोत्सुबो नावाचा हा आजार आज झटक्यापासून वेगळा मोजला जातो. पण त्यातही रुग्णालयात दाखल व्हावेच लागते.

तिसऱ्या विधानाला स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींतून थेट उत्तर मिळते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मिनोकातून वाचलेल्या ९,१३६ रुग्णांचा सरासरी ४.१ वर्षे मागोवा घेतला गेला. त्यांतील सुमारे २४ टक्के जणांना मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदय निकामी होणे यांपैकी काहीतरी झाले.

चौथे विधान सर्वांत घातक आहे. याच विश्लेषणात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे, घेणाऱ्यांत असे प्रसंग कमी आढळले; तो निरीक्षणावर आधारलेला पुरावा आहे, प्रयोगाचा नव्हे, तरी दुर्लक्ष करावे असा नाही. त्याच वेळी सगळ्यांना एकच चिठ्ठीही चालत नाही. धमनी आवळण्याचा त्रास असलेल्याला कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (धमनी सैल करणारी औषधे) लागतात आणि काही बीटा ब्लॉकरने (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधांनी) तो त्रास वाढू शकतो. भिंतीचे पदर सुटले असतील, तर बहुतेक वेळा स्टेंट टाळून वाट पाहिली जाते. म्हणून ज्यांच्या डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘नॉर्मल कोरोनरीज’ (हृदयाच्या धमन्या ठीक) लिहिले आहे, त्यांनी गोळ्या बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावे की कारण कोणते ठरले आणि एमआरआय झाला का. नसल्यास तो पहिल्या काही दिवसांत केलेला बरा, कारण नंतर सूज ओसरते आणि निदान अवघड होते.