आनंदमेळाव्यानंतर मावशींच्या हातात गुलाबाचं फूल देण्याआधी

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांत पालक-शिक्षक संघाचे आनंदमेळावे लागतात. खाऊचे स्टॉल, खेळ, कुपनं, आणि जमलेल्या पैशातून प्रोजेक्टर नाहीतर सायकल स्टँडचं छत. शेवटी आभारप्रदर्शन. अध्यक्ष, मुख्याध्यापक, शिक्षक, डेकोरेटर, साउंडवाला अशी सगळ्यांची नावं घेतली जातात आणि मग येतं, "तसेच ज्ञात-अज्ञात हात". या अज्ञातांची नावं शाळेच्या हजेरीपटावर रोज असतात, कुणी बघितली तर!

शिपाईमामा, मावशी, क्लार्क आणि वॉचमन या चौघांवर मेळावा उभा असतो. त्यांचं काम काय असतं ते कळलं, तरच आभार कसे मानायचे ते कळेल.

पंचवीस स्टॉल म्हणजे निदान पन्नास बाक वर्गांतून मैदानात आणायचे आणि सोमवारी सातच्या आत ज्या त्या वर्गात परत लावायचे. बाकाखाली खडूने वर्ग-तुकडी लिहिलेली नसेल, तर पाचवीचे बुटके बाक नववीत जातात आणि ते निस्तरायला पुन्हा मामाच. आणताना दहा पालक हौसेने हात लावतात, परत नेताना मात्र कुणी नसतं.

मग वीज. इंडक्शन शेगडी २००० वॅटची, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर घेणारी, आणि वर्गातला साधा प्लग ६ अँपिअरचा. १६ अँपिअरच्या लाइनवर दोन शेगड्या एकदम चालल्या, वर आणखी काही लावलं, तर एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप बंद होणारं बटण, पडायची भीती असतेच. मग "मामा, लाइट!" अशी हाकाटी सुरू होते. मुख्य बोर्डाची किल्ली मामांच्या खिशात असते, त्यामुळे त्यांना जेवायलाही जागेवरून हलता येत नाही. स्टॉलचा अर्ज घेतानाच कोण कोणतं उपकरण आणि किती वॅटचं आणणार, हे लिहून घ्या. ही कागदावरची एक ओळ त्या माणसाचा अर्धा दिवस वाचवते.

सगळ्यात वाईट काम तेलाचं. भजीवाल्या स्टॉलचं उरलेलं तेल हमखास बेसिनमध्ये ओतलं जातं, ते थंड होऊन अन्नकणांसकट पाइपात बसतं आणि दोन दिवसांनी मोरी तुंबते. फरशीवर सांडलेल्या तेलावर लोक आधी पाणी ओततात, मग ते सगळीकडे पसरतं आणि पोरं घसरतात. आधी लाकडाचा भुसा टाकायचा, तेल मुरू द्यायचं, झाडून घ्यायचं आणि मगच गरम पाणी नि भांड्यांचा साबण. मावशींना हे पाठ असतं, पण भुसा आणून ठेवायचं संघाला सुचत नाही. एक पोतं भुसा, तेलासाठी झाकणाचा डबा, मोठ्या पिशव्या, रबरी हातमोजे आणि स्वच्छतागृहासाठी वेगळी बादली-फिनेल एवढं आदल्या दिवशी त्यांच्या ताब्यात द्या.

आणि माणसं कमी झालीत, हेही ध्यानात घ्या. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत शिपायाची जागा रिकामी झाली की ती भरण्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता देण्याची पद्धत आली. खाजगी शाळांत सफाईची माणसं बहुतेक ठेकेदाराची. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ तरी आहे. त्यात सेवकांचा उल्लेख नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: आभाराची सुरुवात अंदाजपत्रकात व्हायला हवी. मंडप, स्पीकर, कुपन छपाई यांच्या रांगेत 'सेवक मानधन' ही ओळ पहिल्याच बैठकीत घाला. नंतर "नफ्यातून बघू" म्हटलं की काही मिळत नाही, कारण प्रत्येक रुपया प्रोजेक्टरचा झालेला असतो. रक्कम तुमच्या गावात दिवसभराच्या मजुरीला जे देतात त्याहून कमी नको. मुख्याध्यापकांना सांगून, व्हाउचरवर सही घेऊन, त्याच दिवशी थेट त्या व्यक्तीच्या हातात किंवा खात्यात द्या. ठेकेदाराच्या बिलात घातलेले पैसे मावशींपर्यंत पोचतील याची खात्री नसते. रविवार गेला असेल तर बदली रजा कधी, हेही आधीच मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. नुसत्या "बघू या"वर रजा मिळत नाही.

जेवणाचं तर सांगायलाच नको. स्टॉल बंद होताना उरलेली गार पावभाजी "घ्या ना मावशी, घरी न्या" म्हणून देणं हे आभार नव्हेत. दुपारी बाराच्या आत त्यांच्या नावची कुपनं हातात द्या, आणि अर्धा तास त्यांच्या जागी एक पालक उभा करा. नुसती कुपनं देऊन जागा सोडता येत नसेल, तर ती कुपनं संध्याकाळी खिशात तशीच सापडतात. कार्यक्रम रात्री लांबणार असेल तर बाई माणसांच्या रिक्षाचे पैसे वेगळे काढा.

सत्कार करायचाच तर मध्यावर करा, गर्दी असताना. शेवटी केलात तर ते बिचारे हातात नारळ धरून, खुर्च्या कधी उचलायच्या याचाच हिशेब करत उभे असतात.

एक गोष्ट फुकटात होते. संघाच्या लेटरहेडवर प्रत्येकाला पत्र द्या, हजेरीपटावरच्या पूर्ण नावाने, 'मावशी' लिहून नव्हे. कोणतं काम केलं, कोणत्या तारखेला, ते दोन ओळींत लिहा आणि खाली मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या. ठेका बदलला की नव्या ठेकेदारापुढे दाखवायला ठेक्यावरच्या बाईकडे बहुधा दुसरा कागद नसतो.