किती धडे झाले?

आत्ता माझ्या शिकवणीतल्या एका मुलीच्या बाबांचा फोन ठेवला आणि डोकं अजून शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. "मॅडम, तीन आठवडे झाले, अजून अपूर्णांकच? तिच्या मैत्रिणीच्या क्लासमध्ये चार धडे उरकले." उरकले! धुणंभांडी आहेत का ती?

मुलगी सहावीतली, सेमीची. पहिल्याच दिवशी तिला १/२ + १/३ घातलं. तिने झटक्यात २/५ लिहून खाली दोन रेघाही मारल्या. वरची वरच्यात, खालची खालच्यात. आणि मी काय केलं? तिच्या हातातली पेन्सिल घेतली, छेद सारखे केले, ५/६ काढून दाखवलं. "कळलं?" "हो." दोन दिवसांनी १/२ + १/४ ला उत्तर आलं २/६. म्हणजे ते गणित मी सोडवलं होतं, तिने नुसतं बघितलं होतं. इतकी वर्षं शिकवतेय आणि तरी हा गाढवपणा!

साठ मुलांच्या वर्गात बाईंना चूक दिसते, पण ती कुठून आली ते विचारायला वेळ नसतो. एकटीच्या शिकवणीत तेवढंच तर जास्तीचं मिळतं. तिथेही आपणच बडबडत बसलो तर पालकांनी तासाचे पैसे कशाचे द्यायचे? माझी तयारी म्हणजे एक वही. मुलगी गेली की पाच मिनिटं बसून लिहायचं: आज काय चुकलं, तिच्या मनात काय असेल, उद्या पहिला प्रश्न कोणता. चुकीची उत्तरं कोणती येतील तेही आधीच लिहून ठेवायचं. निम्म्या वेळा ठरवलेलं सगळं बाजूलाच राहतं, ते सोडा.

तर त्या वहीत लिहिलं होतं, 'घड्याळ'. तिला डिनॉमिनेटर म्हणता येतं, पण तो काय सांगतो ते विचारलं की गप्प. मग म्हटलं, पाऊण तास म्हणजे किती? "पंचेचाळीस मिनिटं." अर्धा? "तीस." तासाचे तीन सारखे भाग केले तर एक? थोडा वेळ गेला. "वीस." मग तुझा २/५ तास किती? बोटं मोजत मोजत ती चोवीसवर आली आणि थांबली. मी जीभ चावून गप्प बसले. "मॅडम, अर्ध्या तासात वेळ वाढवला आणि अर्ध्या तासापेक्षा कमी कसा झाला?"

सांगा, हा कितवा धडा?

माझ्या आजीला पाऊणकी, दिडकी, म्हणजे पाऊणपटीचे नि दीडपटीचे पाढे, तोंडपाठ होते. निव्वळ घोकंपट्टी होती म्हणा, पण पाऊण अर्ध्याहून मोठा हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

बरं, घटक चाचणी दहा दिवसांवर आली आहे आणि पेपरात घड्याळं काढत बसायला वेळ मिळत नाही. मान्य. लसावि काढून उभं गणित मांडणं तिला यायलाच हवं, ते या आठवड्यात घेतेय.

फोनवर मी जरा तोडूनच बोलले. शेवटी ते हळूच म्हणाले, "मला स्वतःला गणित कधी जमलं नाही हो, म्हणून भीती वाटते." त्यावर मला काही सुचलं नाही. 'एकदा तासाला येऊन बसा' एवढं तरी म्हणायला हवं होतं. उद्या करते फोन.

उद्याचं वहीत लिहून झालंय: ३/४ − १/३. आधी अंदाज, मग पेन्सिल. पेन्सिल तिच्याच हातात.