पस्तीस वर्षं भरली, तरी पेन्शन कमी कशी?

ब्रिटनमध्ये नोकरी केलेल्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतो आहे. सार असं: ‘नॅशनल इन्शुरन्सची (पगारातून कापला जाणारा सरकारी विमा) ३५ वर्षं भरली की पूर्ण स्टेट पेन्शन (सरकारी पेन्शन) मिळणारच. फोरकास्टमध्ये (किती पेन्शन मिळेल याचा सरकारी अंदाज) आकडा कमी दिसला तर सरकारचा हिशेब चुकला. शिवाय त्यातून ‘कोप’ची (COPE, नोकरीतल्या योजनेकडून मिळणाऱ्या पेन्शनचा अंदाज) रक्कम कापणार. आणि ३५ नंतर भराल ते पाण्यात.’

पहिलं विधान अर्धंच खरं आहे. ३५ वर्षांचा सरळ नियम लागू होतो तो ज्यांचं खातं ६ एप्रिल २०१६ नंतर सुरू झालं त्यांना. त्याआधीपासून भरणाऱ्यांचा हिशेब त्या तारखेला दोनदा मांडला गेला, एकदा जुन्या नियमांनी आणि एकदा नव्या. जास्त भरेल तो आकडा त्यांची सुरुवातीची रक्कम.

समजा, एनएचएसमधल्या (ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा) एका नर्सताईंची तोवर ३६ वर्षं भरली होती. जुन्या पद्धतीने मूळ पेन्शन आठवड्याला ११९.३० पाउंड (त्याला ३० वर्षं पुरत) आणि अतिरिक्त पेन्शन (पगारानुसार मिळणारा जादा भाग) १० धरू, एकूण १२९.३०. नव्या पद्धतीने पूर्ण दर १५५.६५, वजा कोप ४०, उरले ११५.६५. म्हणजे सुरुवात १२९.३० वर. पूर्ण दराला २६.३५ कमी पडले. २०१६ नंतरचं प्रत्येक वर्ष पूर्ण दराचा पस्तिसावा भाग, तेव्हाचे सुमारे ४.४५ पाउंड, वाढवतं. म्हणजे आणखी सहा वर्षं. ताईंना ३६ नव्हे, ४२ भरावी लागतात, आणि हिशेबात कुठेही चूक नाही. ‘३५ नंतरचं पाण्यात’ हेही इथेच निकालात निघतं.

उलटही घडतं. ज्यांची अतिरिक्त पेन्शन भरपूर होती, त्यांची सुरुवातीची रक्कम ३० वर्षांतच पूर्ण दरापुढे गेली. वरचा भाग त्यांना ‘प्रोटेक्टेड पेमेंट’ म्हणून मिळतो. पुढच्या वर्षांनी त्यांची पेन्शन वाढत नाही, पगारातून कपात मात्र चालूच राहते. हे त्यांना खटकलं तर नवल नाही.

आता कोप. भीती सगळ्यात जास्त याचीच, आणि सगळ्यात बिनबुडाचीही हीच. नोकरीतल्या पेन्शन योजनेमुळे जी वर्षं तुम्ही ‘कॉन्ट्रॅक्टेड आउट’ (सरकारी अतिरिक्त पेन्शनच्या बाहेर) होतात, तेव्हा नॅशनल इन्शुरन्स कमी दराने भरलात किंवा त्यातला काही भाग तुमच्या खासगी पेन्शनकडे वळवला गेला. त्याची वजावट २०१६च्या हिशेबात होऊन गेली आहे. फोरकास्टमधला आकडा त्यानंतरचा. त्यातून पुन्हा काही जात नाही. कोप हा त्या योजनेकडून साधारण किती मिळेल याचा अंदाज, आणि तो बहुतेक वेळा तिथल्या पेन्शनमध्येच मिसळलेला असतो.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फोरकास्टवरचा ठळक आकडा ‘पुढेही भरत राहिलात तर’ या अटीवरचा असतो. आजवरच्या भरण्यावर किती जमलं ते खाली वेगळं दिलेलं असतं. दोन वर्षांत पुण्याला परतणार असाल तर तो खालचा आकडा धरा. किमान दहा वर्षं नसतील तर सहसा काहीच मिळत नाही, आणि भारतातल्या नोकरीची वर्षं त्यात धरत नाहीत. परतलात की पेन्शन भारतातही मिळते, पण दरवर्षीची वाढ तिथे लागू नाही: सुरू होताना २०० पाउंड असेल तर भारतात राहाल तोवर २००च.