धर्मशाळा फक्त यात्रेकरूंसाठी नव्हत्या

'निपाणीच्या धर्मशाळा सौंदत्तीच्या यात्रेकरूंसाठीच होत्या,' हे निपाणीच्या धर्मशाळांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला निघालेल्या गाड्या उतरायच्या, खरं आहे. पण तो मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपासचा राबता. एरवी तिथं मुक्काम असायचा तंबाखूवाल्या शेतकऱ्यांचा. वखारीत माल घालायचा, वजन-भाव होईपर्यंत दोन-दोन रात्री काढायच्या. माझे आजोबा चिकोडीकडून बैलगाडीनं यायचे, भाकरी बांधून. आमच्या गल्लीतल्या धर्मशाळेच्या भिंतीत बैल बांधायच्या लोखंडी कड्या मी लहानपणी हातानं फिरवल्यात. दगडी पडवीला तंबाखूचा वास कायमचा चिकटलेला. पावसाळ्यात तर जास्तच यायचा.

निपाणीतल्या तंबाखू शेतकऱ्यांच्या 1981 च्या आंदोलनावर एवढं लिहिलं जातं, मग ते शेतकरी उतरायचे त्या इमारतींच्या इतिहासात त्यांना एक ओळसुद्धा नको? लेखात ही दुरुस्ती जरूर करा.